क्रेडिट कार्डाचं देणं २ लाख ८४ हजार, पगार १९ हजार. कापूस निघेपर्यंत थांबू का?

धुऱ्यावरचा · १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लिहू की नको, असं महिनाभर चाललं होतं. आज घरचे झोपल्यावर बसलो.

मी दारव्हा तालुक्यातला. विनाअनुदानित शाळेत शिकवतो, हातात १९ हजार येतात. घरचं साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. वावर बाबा पाहतात.

पहिलं कार्ड अमरावतीच्या मॉलमध्ये टेबल लावून बसलेल्या पोरानं काढून दिलं, चार वर्षं झाली. दोन वर्षं नीट वापरलं. मग एका जूनमध्ये बाबांचं पीककर्ज वेळेवर मिळालं नाही आणि पेरणी तर थांबत नाही. कृषी केंद्रवाला म्हणाला, कार्ड चालते, वर २ टक्के लागतील. बीटीची पाकिटं, १३५० वाल्या डीएपीच्या सहा पोत्या, तणनाशक, सगळं कार्डावर घेतलं. कापूस आला की भरून टाकू, असा हिशोब. त्याच वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. दुसरं कार्ड घेतलं. पहिल्याचं भरायला यवतमाळच्या एका दुकानात दुसरं कार्ड घासून रोख घेतली, त्यानं अडीच टक्के कापले. तिसरं कार्ड दुसऱ्यासाठी. याची टोपी त्याच्या डोक्यावर.

आजची स्थिती:
पहिलं – १,३८,४००, व्याज महिन्याला ३.७५ टक्के
दुसरं – ९४,२००, ३.५ टक्के
तिसरं – ५१,७००, ३.४ टक्के. याचा हप्ता चुकून ४० दिवस झाले.

बाबांना एवढंच माहीत की मी कुठलंतरी कार्ड वापरतो. ते म्हणतात, "क्रेडिट कार्ड आपलंही आहे की सोसायटीचं, मार्चमध्ये नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचं, झालं." त्यांना वाटतं ते आणि हे एकच. बायकोला काहीच माहीत नाही.

प्रश्न असा की कापूस यायला नोव्हेंबर उजाडेल. तोवर किमान रक्कम भरत राहू का? की भरणंच थांबवू? रात्री झोप नाही. फोन वाजला की पोटात गोळा येतो.

---

काळी_कसदार · १५ जून, सकाळी ६:०५

भाऊ, तुयं वाचून वाटलं मायाच घरची गोष्ट हाय. पण येवढा घाबरून काहून रायला? बँकवाल्याइचं काम फोन करायचं हाय, ते करतीन. देऊ नको म्हंतो मी. २०१७ मधे दीड लाख माफ झाले, २०१९ मधे दोन लाख. पुढंही कवातरी माफी येईनच. तवा हेबी त्यात जाईन.

---

निवृत्त_रोखपाल · १५ जून, सकाळी ९:४०

काळी_कसदार भाऊ, तुमचा जीव तुटतो आहे हे दिसतं, पण हा सल्ला मागे घ्या. या समजुतीपायी बुडालेली माणसं मी काउंटरच्या या बाजूनं पाहिली आहेत.

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन्ही शेतीकर्जासाठी होत्या. क्रेडिट कार्डाचं देणं कुठल्याही कर्जमाफीत बसलेलं नाही. त्या कार्डावर तुम्ही डीएपी घेतलं की मोबाईल, हे बँक बघत नाही. तिच्या वहीत ते ग्राहककर्ज, बिनतारणी.

धुऱ्यावरचा, तुझ्या बाबांचं कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, १९९८ पासूनची योजना. त्याचं व्याज वर्षाला ७ टक्के, वेळेत भरलं तर ३ टक्क्यांची सूट, आणि आपल्या राज्यात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. तुझं पहिलं कार्ड महिन्याला ३.७५, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. नावात दोन्हीकडे क्रेडिट कार्ड असलं तरी एक बैल आहे आणि एक वाघ.

आता किमान रकमेचं. तुझ्याच आकड्यांवर सांगतो. पहिल्यावर महिन्याचं व्याज ५,१९०. दुसऱ्यावर ३,२९७. तिसऱ्यावर १,७५८. झाले १०,२४५. त्यावर जीएसटी १,८४४. एकूण १२,०८९. किमान रक्कम सर्वसाधारण ५ टक्के धर, तिन्ही मिळून १४,२१५ होते. म्हणजे १९ हजारांतून १४ हजार भरायचे आणि देणं कमी होणार २,१२६ नी. यात नवीन एक रुपयाही खर्च केला नाही असं धरलंय. खर्च केलास तर तोही पहिल्या दिवसापासून व्याजात जातो, कारण मागचं थकलं असेल तर ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही.

तू नोव्हेंबरचं विचारलंस. थांबायचं नाही. बाबांच्या कर्जाचं चक्र वर्षाचं, कारण पीक वर्षाला येतं. कार्डाचं चक्र तीस दिवसांचं. पाच महिने थांबलास तर ६० हजारांच्या वर नुसतं व्याज. साडेचार एकर कोरडवाहूत खर्च वजा जाता उरतं किती, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

---

मोर्शीचा_गडी · १५ जून, दुपारी १:१५

काका, एक शंका. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही असा कोर्टाचा निकाल आहे ना? आमच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतोय.

---

वकीलताई_पुसद · १५ जून, दुपारी ३:३०

तो निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा होता, २००८ चा. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. त्याच्या भरवशावर कुणी राहू नका.

धुऱ्यावरचा भाऊ, भीतीचं आधी सांगते, मग बाकीचं. कार्डाचे पैसे न भरणं हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस घरी येऊन अटक करत नाहीत. फोनवर कुणी "वॉरंट निघालं" म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. मात्र दोन गोष्टी जपा. कुणाला चेक लिहून दिला आणि तो वटला नाही तर परक्राम्य दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ लागतं, ते फौजदारी आहे. खात्यातून आपोआप कापायचा हप्ता परत गेला तरी तसंच कलम आहे, २००७ च्या पेमेंट कायद्यातलं. म्हणून एजंटच्या दबावाखाली पुढच्या तारखेचे चेक देऊ नका.

बँक दावा लावून हुकूमनामा मिळवू शकते, नाही असं नाही. तरीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याचं राहतं घर, औतफाटा, बैल, बियाण्याचं धान्य जप्त होत नाही. पगारातले पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हातचे राहतात, म्हणजे तुमच्या १९ हजारांतून जास्तीत जास्त ६ हजार. जमिनीला मात्र हे संरक्षण नाही. सातबारा बाबांच्या नावावर असेल तर तुमच्या कार्डाशी त्याचा संबंध येत नाही, ते जामीनदार नाहीत.

आणखी एक, जे लोक विसरतात. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो त्याच बँकेचं कार्ड आहे का? असेल तर ती बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते. कार्ड घेताना सही केलेल्या करारात ते लिहिलेलं असतं. पगाराचं खातं वेगळ्या बँकेत असलेलं बरं.

---

संत्रावाली · १५ जून, रात्री ८:५०

कायदा आणि व्याज सगळं बरोबर. मला मात्र तुमची शेवटची ओळ टोचली, झोप नाही आणि पोटात गोळा.

आमच्या घरी हे होऊन गेलंय. दोन वर्षं माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं नाही. मी बाजारातून भाजी आणताना दहा रुपयांची घासाघीस करत होते आणि इकडे महिन्याला सात हजार व्याज जात होतं. कळलं तेव्हा राग कर्जाचा आला नाही, लपवल्याचा आला. वहिनींना आज नाही तर उद्या सांगाच. त्या ओरडतील, रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन बसतील.

आणि मन फारच जड झालं, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ वर फोन लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्री-अपरात्री चालते. आपल्या जिल्ह्यांत देण्यापायी किती घरांचे कर्ते गेले ते आपण सगळे जाणतो. २ लाख ८४ हजार ही फिटणारी रक्कम आहे.

---

धुऱ्यावरचा · १६ जून, रात्री १०:०५

ताई, काल रात्री सांगितलं. तुम्ही लिहिलं तसंच झालं, फक्त दोन दिवसांचा अबोला दोन तासांत आटोपला. ती म्हणाली, "माझी एकदाणी आणि पाटल्या ठेवू." मी नाही म्हणालो. काका, यात शहाणपण आहे का?

---

निवृत्त_रोखपाल · १७ जून, सकाळी ८:३०

गणितात आहे. बँकेचं सोनेतारण साधारण ९-१० टक्क्यांनी मिळतं, वर्षाला. ४५ चं देणं साडेनऊवर आणणं यात चूक नाही. तीन अटी. सोनं बँकेतच ठेवायचं, गल्लीतल्या सावकाराकडे नाही. आलेले पैसे त्याच दिवशी कार्डात भरायचे, घरी एक रात्रही आणायचे नाहीत. आणि कार्ड त्याच दिवशी कापायचं. लोक तिसऱ्या अटीवर घसरतात. सोनं बँकेत जातं, कार्ड रिकामं होतं, आणि वर्षभरात कार्ड पुन्हा भरतं. मग दोन्ही देणी.

---

संत्रावाली · १७ जून, सकाळी ९:१०

चौथी अट माझी. पावती वहिनींच्या नावावर, कर्ज त्यांच्या नावावर, सोडवायची तारीख कॅलेंडरवर त्यांच्या हातानं लिहिलेली. ते स्त्रीधन आहे. त्या आपणहून देत आहेत म्हणून तो निर्णय त्यांचा राहू द्या.

---

निवृत्त_रोखपाल · १७ जून, सकाळी ९:२५

ताईंची अट पहिल्या क्रमांकावर घ्या.

उरलेल्या रकमेचं आता. तिन्ही बँकांना फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मागायचे. साधारण १३ ते १८ टक्क्यांत होतात, प्रोसेसिंग फी लागते, व्याजावर जीएसटी लागतो, तरीही ४५ च्या मानानं निम्म्याहून खाली. खातं नियमित असेपर्यंत हे सहज मिळतं. थकलं की बँक आखडते. म्हणून पहिल्या दोन कार्डांचं याच आठवड्यात कर. तारणाचे पैसे ३.७५ वाल्यावर टाक, सगळ्यात जास्त व्याज तिथं आहे.

---

तात्काळ_मदत_केंद्र · १७ जून, दुपारी १२:४५

सर टेन्शन घेऊ नका. आमची टीम ७० टक्के माफ करून देते. फक्त ३० टक्के भरा. हप्ते आजपासून बंद करा, बँकेचे फोन आम्ही घेतो. नोंदणी फी ८,५००. संपर्क: [क्रमांक संपादकांनी काढला आहे]

---

सेतूवाला_वणी · १७ जून, दुपारी १:३०

धुऱ्यावरचा भाऊ, याच्या नादी लागू नका. मी सेतू केंद्र चालवतो, माझ्याकडे असे कागद घेऊन माणसं येतात. शेजारच्या गावच्या एका ड्रायव्हरनं नागपूरच्या अशाच एका ऑफिसला १२ हजार भरले. त्यांनी सांगितलं, बँकेशी बोलू नका. सात महिने तो बोलला नाही. तेवढ्यात ८० हजारांचे सव्वा लाख झाले, आणि ऑफिसचा फोन बंद. त्याच्या हातात राहिलं एक लॅमिनेट केलेलं 'कर्जमुक्ती प्रमाणपत्र', वर सोनेरी शिक्का. तो कागद त्यानं माझ्या काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "हे बँकेत दाखवलं तर चालीन ना?" मला त्याच्याकडे पाहवेना.

रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये अशाच प्रमाणपत्र विकणाऱ्यांविरुद्ध लोकांना सावध केलं होतं. अशा प्रमाणपत्राला काडीचाही आधार नाही.

---

मोर्शीचा_गडी · १७ जून, संध्याकाळी ६:२०

मग सेटलमेंट हा प्रकारच खोटा का? माझ्या मावसभावानं केलंय. आणि तो म्हणतो, अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली की सगळं पुसलं जातं.

---

वकीलताई_पुसद · १७ जून, रात्री ९:००

सेटलमेंट खरी असते, ती बँकेशी थेट करायची. रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये तडजोडीची चौकट घालून दिली आहे. पण ती कुणासाठी? ज्याला पूर्ण फेडणं खरोखर शक्य नाही त्याच्यासाठी. आजारपण, नोकरी गेली, घरचा कर्ता गेला. बँक काही रक्कम सोडते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो. तो वर्षानुवर्षं दिसत राहतो, पुढे कर्ज मागायला गेलात की अधिकारी आधी तोच बघतो. त्या बँकेकडून किमान १२ महिने नवीन कर्जही मिळत नाही, शेतीकर्जाची गोष्ट वेगळी.

कुणी करणारच असेल तर पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे शब्द हवेत. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. नंतर ना-देय दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून बघा. सिबिलसारख्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

बँकेनं दावा लावायच्या आधी किंवा नंतर, लोकअदालतीचा रस्ताही आहे. तिथं कोर्ट फी नाही, दोघांना पटलं तरच निवाडा होतो, आणि त्यावर अपील नाही. दारव्ह्याला तालुका विधी सेवा समितीत विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेले, यांना वकीलही मोफत मिळतो. फोन १५१००. तुमचे १९ हजार गुणिले १२ म्हणजे २ लाख २८ हजार. तुम्ही त्यात बसता.

अमेरिकेसारखं आपल्याकडे नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरिबासाठी 'नवी सुरुवात' असं प्रकरण आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, देणं ३५ हजारांच्या आत. पण सामान्य माणसासाठी तो भाग लागूच केलेला नाही. जुना १९२० चा कायदा आहे, त्यात जिल्हा न्यायालयात जावं लागतं आणि असलेली मालमत्ता सोडावी लागते. साडेचार एकरवाल्यानं त्या वाटेला जाऊ नये.

---

काळी_कसदार · १८ जून, सकाळी ५:५०

ताई, सेटलमेंटचं मले मायावरून सांगू द्या. म्या तीन वर्साआधी ४२ हजाराचं १९ हजारात मिटवलं. लय खुश झालतो. मागच्या वर्सी पीककर्जाले गेलो त सायेबानं कम्प्युटर फिरवून दाखवलं, सेटल्ड. सरकार म्हंते पीककर्जाले सिबिल मांगू नका, मुख्यमंत्र्यानंबी बँकाइले बजावलं. पण सायेब तोंडानं नाई म्हनत नाई, नुस्तं 'उद्या या' म्हंते. चार खेपा झाल्या. शेवटी कृषी केंद्रातून उधारीवर बी-खत आनलं, त्याचं व्याज त इचारूच नका.

परवा मी 'देऊ नको' म्हनलो ते चुकलं. रागाच्या भरात लिवलं. २३ हजार वाचले आन पीककर्ज गेलं.

---

वकीलताई_पुसद · १८ जून, सकाळी १०:१५

काळी_कसदार दादा, तुम्ही हे उघड लिहिलंत, फार बरं केलंत. पीककर्जाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नाकारायचं असेल तर कारण लेखी मागा. 'उद्या या' हे उत्तर कागदावर देता येत नाही. तरी दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या प्रबंधकांकडे अर्ज करा, यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयात कुणीही त्यांचा पत्ता सांगेल.

---

पळसफूल · १९ जून, रात्री ११:५५

धाग्यात मध्येच येते, माफ करा. माझे मिस्टर फेब्रुवारीत गेले, मोटारसायकलच्या अपघातात. त्यांच्या नावावर कार्ड होतं, ६१ हजार बाकी. वसुलीवाला रोज फोन करतो, म्हणतो तुम्ही बायको आहात, तुम्हालाच भरावं लागेल, नाहीतर शेत जाईल. दोन एकर त्यांच्या नावावर आहे, अजून फेरफार झाला नाही. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. काय करू?

---

वकीलताई_पुसद · २० जून, सकाळी ७:१०

ताई, आधी श्वास घ्या. तुम्ही त्या कार्डाच्या जामीनदार नाही. तुमचं मानधन, तुमचे दागिने, तुमच्या नावावरचं काहीही त्यांना मागता येत नाही. वारसाची जबाबदारी मयताकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. दोन एकर त्यांच्या नावावर आहे, म्हणजे तेवढ्या मर्यादेत बँकेचा हक्क सांगता येतो, हे मी लपवत नाही. पण त्यासाठी तिला कोर्टात दावा लावावा लागतो. फोनवरून शेत जात नाही.

आता करायचं काम. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवा, पोच ठेवा. त्याच पत्रात विचारा: या कार्डावर अपघाती विमा होता का? अनेक कार्डांवर असतो आणि घरच्यांना माहीतही नसतो. पोलिसांचा पंचनामा, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती काढून ठेवा. विम्याच्या दाव्याला मुदत असते, म्हणून हे पत्र उद्याच जाऊ द्या. त्यांच्या बँक खात्याच्या एटीएम कार्डावरही विमा असू शकतो, आणि खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. पासबुक आत्ताच बघा.

---

पळसफूल · २० जून, सकाळी ७:४०

पासबुकात गेल्या वर्षीच्या मे महिन्यात २० रुपये कापलेले आहेत.

---

वकीलताई_पुसद · २० जून, सकाळी ७:४४

मला खाजगी निरोप पाठवा. आज दुपारी बँकेत जायचं आहे.

---

धुऱ्यावरचा · ३ जुलै, रात्री ९:३०

पहिल्या दोन कार्डांचं झालं, तपशील पुढे देतो. पण तिसऱ्याचा वसुलीवाला आज शाळेत फोन करून मुख्याध्यापकांशी बोलला. "तुमचे गुरुजी बुडवे आहेत" असं म्हणाला. सर चांगले आहेत, त्यांनी मला दार लावून सांगितलं. तरी वर्गात परत जाताना पाय उचलत नव्हते. पोरं वाट बघत होती, फळ्यावर अपूर्णांकाचं गणित अर्धं होतं. रात्री साडेनऊला, हे लिहिताना, परत त्याचाच फोन येतोय.

---

निवृत्त_रोखपाल · ३ जुलै, रात्री ९:५०

उचलू नकोस. स्क्रीनचा फोटो काढ, वेळ दिसू दे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतो. कर्जदाराला चारचौघांत अपमानित करणं, नातेवाईक-ओळखीच्यांना त्रास देणं मना आहे. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदार बँकच.

मुख्याध्यापकांकडून दोन ओळी लिहून घे, तारीख-वेळेसह. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल कर, आणि त्याच ईमेलमध्ये थकबाकी हप्त्यांनी फेडायची तयारी लिही. म्हणजे तू पळत नाहीस हे कागदावर येतं. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन होतं, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.

---

सेतूवाला_वणी · ४ जुलै, सकाळी १०:००

ज्याला ऑनलाइन जमत नाही त्यानं जवळच्या सेतूत जा. बँकेकडे केलेल्या तक्रारीची प्रत आणि तिची तारीख सोबत न्या. ती नसेल तर लोकपालाकडचा अर्ज परत येतो. माझ्याकडचे निम्मे याच कारणानं परत आले.

---

धुऱ्यावरचा · २३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

पाच महिन्यांनी येतोय. काकांनी सांगितलं होतं तपशील टाक, म्हणून टाकतो, कुणाला तरी कामी येईल.

सोनेतारण १ लाख, साडेनऊ टक्के, बायकोच्या नावावर. सगळं पहिल्या कार्डात भरलं, बँकेच्या पायरीवर बसूनच. उरलेल्या ३८,४०० चे २४ हप्ते, १६ टक्क्यांनी, १,८८० रुपये. दुसऱ्याच्या ९४,२०० चे तसेच, ४,६१२. तिसऱ्या बँकेनं आधी नाहीच म्हटलं. तक्रारीला ३० दिवसांत साचेबंद उत्तर आलं, मग लोकपालाकडे गेलो. त्यानंतर बँकेच्याच माणसाचा फोन आला, नीट बोलला. उशिराचे दंड परत केले, माफीचं पत्र दिलं, आणि तोवर झालेल्या ५४,३०० चे १८ टक्क्यांनी हप्ते पाडून दिले, २,७११. एकूण ९,२०३, जीएसटी आणि तारणाचं व्याज वेगळं. जूनमध्ये १४,२१५ भरून देणं जागच्या जागी होतं. आता दर महिन्याला उतरतं.

तिन्ही कार्डं कापली. हप्ते फिटले की खातं बंद करायचा अर्ज देणार. बाकी नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड, हेही इथंच शिकलो.

बाबांना पोळ्याच्या दिवशी सांगितलं. बैलांना रंग देत होते. ते बराच वेळ शिंगाला हिंगूळ लावत राहिले, मग म्हणाले, "मायं नवं-जुनं मी वेळेवर केलं असतं त तुले खत कार्डावर आनाव लागलं नसतं." पीककर्ज का अडलं होतं, ते मला तेव्हा कळलं. सोसायटीत जाऊन मागचं निस्तरलं, पुढच्या जूनला मिळेल असं सचिव म्हणालेत.

पहिल्या दोन वेच्यांचा ११ क्विंटल कापूस गेला. चुकारा मंगळवारी जमा झाला. वेचणीची मजुरी देऊन ५५ हजार तारणात भरले.

---

संत्रावाली · २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

आणि कॅलेंडरवरची तारीख?

---

धुऱ्यावरचा · २३ नोव्हेंबर, रात्री १०:४१

तिनं २० जानेवारी लिहिली होती, दोन्ही दागिन्यांसाठी. पाटल्या शुक्रवारी सोडवून आणल्या, तिनं तिथंच काउंटरवर हातात घातल्या. एकदाणी तिसऱ्या वेच्यावर आहे.

---

पळसफूल · २४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

भाऊ, वाचून बरं वाटलं. माझे २ लाख सप्टेंबरमध्ये जमा झाले. वकीलताई तीन वेळा सोबत आल्या, एसटीनं. कार्डाचं बँकेनं लोकअदालतीत मिटवायचं कबूल केलंय, तारीख मिळाली की ताईंना कळवते. फेरफारही झाला, सातबाऱ्यावर माझं आणि मुलीचं नाव लागलं.

---

काळी_कसदार · २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

ताई, तारखेले गाडी पाह्यजे असन त सांगजा. मी येतो.